वाराचा रकाना

साउथहॅम्प्टन,
११ जून

तीर्थस्वरूप भाऊराव यांच्या चरणी दीनानाथचा साष्टांग नमस्कार.

(गुडघ्यांमुळे हा नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे, पण कागदावर साष्टांग लिहायला गुडघे लागत नाहीत.) तुमची प्रकृती कशी आहे? दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं झालं का? पत्र तुम्ही स्वतः वाचत असाल तर झालं असं समजतो. वहिनी वाचून दाखवत असतील तर त्यांनाही नमस्कार, आणि मधले कंस त्यांनी गाळू नयेत ही विनंती, कारण खरं काय ते मी बहुधा कंसातच लिहितो. तुमची बहीण ठणठणीत आहे. इथल्या हवेनं नीनाचा दमा बरा झाला आणि माझे गुडघे धरले, म्हणजे घरातली एकूण दुखणी तेवढीच राहिली. सुश्रुत रोज हॉस्पिटलात लोकांची हाडं जोडतो आणि घरी आल्यावर माझ्या गुडघ्याकडे बघून "चालत राहा बाबा" एवढंच म्हणतो. असो.

माझं अक्षर पाहून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. २००६ पासून आपलं बोलणं लग्नाच्या पंगतीत "उकाडा फार आहे" याच्या पुढे गेलेलं नाही. कारण दोघांनाही पाठ आहे. तुम्हाला शाळेत घालताना मास्तरांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जन्मतारीख १ जून ठोकून दिली, आणि साल एक मागचं घातलं. पुढे तुम्ही स्वतः मास्तर झालात आणि निवृत्ती जवळ आल्यावर खरं साल शोधत तालुका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये माझ्यासमोर येऊन बसलात. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वहीत तुमची नोंद सापडली, फक्त सालाच्या शेवटच्या आकड्यावर शाईचा डाग होता. अठ्ठेचाळीस की एकोणपन्नास? मी उताऱ्यावर "अवाच्य" असा शेरा मारला. तुम्ही एक वर्ष आधी घरी बसलात, आणि पुढच्याच जूनला रिकामी होणारी मुख्याध्यापकाची खुर्ची तुमच्या हाताखालच्या माणसाला मिळाली. हे मी उगाळत नाही. मी तेव्हा म्हटलं ते आजही म्हणतो, की चौतीस वर्षांच्या नोकरीत या दीनानाथनं एकही नोंद मनानं वाचलेली नाही. याच स्वभावानं मला या वयात परमुलखात गोत्यात आणलं आहे, आणि माझ्या या स्वभावाचा चटका बसलेला माणूस तुमच्याशिवाय दुसरा कुणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो.

तर झालं असं. आम्ही इथे कायमचे आल्यावर मी दिवसभर घरात बसून कौन्सिलनं दिलेल्या कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक दुरुस्त करत असे. (त्यात चुका होत्या.) आमची सून ईशिता कार्डिफला जन्मली, तिथेच वाढली. मराठी हौसेनं बोलते, पण तिच्या मराठीत कोण स्त्री आणि कोण पुरुष हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. ती एक दिवस म्हणाली, "बाबा, तुमचा गुडघा दुखते ना, मग हा बसून करायचा काम आहे. It's perfect for you." आणि माझं नाव तिनं परस्पर एका म्युझियममध्ये स्वयंसेवक म्हणून घालून टाकलं. मला वाटलं म्युझियम म्हणजे मोठी दगडी इमारत असेल, खांब वगैरे असतील. प्रत्यक्षात बसनं पस्तीस मिनिटांवर नेदर हॅझल नावाचं दोनशे घरांचं खेडं, तिथल्या तळ्याकाठी अर्धगोल पत्र्याची एक शेड, आणि शेडवर अमेरिकेचा झेंडा. दुसऱ्या महायुद्धात या गावच्या शेतात अमेरिकन वैमानिकांचा तळ होता. किती काळ? आठ महिने! आपल्या साताऱ्याच्या घरात वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बावीस वर्षं राहिले आणि जाताना भिंतीतले खिळेसुद्धा उपटून घेऊन गेले. हे लोक आठ महिने राहिले तर गावानं त्यांच्या नावानं चौदा पाट्या लावल्या आहेत. इथे अमेरिकन सैनिक बेसबॉल खेळत. इथे त्यांचं स्वयंपाकघर होतं. या तळ्यात त्यांची जीप पडली. (पाटीवर जीपचं चित्र आहे, तळ्याचंही आहे, आणि शेजारी खरं तळं आहे.) एका पाटीवर नुसतं लिहिलंय की इथे बहुधा काही झालं नाही, पण सैनिक इथून जात असत.

आत काचेच्या कपाटात अकरा बटणं, एक चहाचा मग, च्युइंगमचा एक कागद आणि एक पुठ्ठ्याचा सैनिक, ज्याचा उजवा हात कुणीतरी उलटा बसवला आहे, त्यामुळे तो स्वतःच्याच पाठीला सलाम करतो. मी पहिल्याच दिवशी तो हात नीट बसवायला गेलो तर तो माझ्या हातात आला. म्युझियमचे प्रमुख रॉजर हे निवृत्त भूगोलाचे मास्तर, कोटाला सतत कसला ना कसला बिल्ला. ते म्हणाले, "नॉट टू वरी, डिनो." दीनानाथचं त्यांनी डिनो केलं आहे आणि तसा बिल्लाही छापून दिला आहे. चौतीस वर्षं ज्याला तालुका "रावसाहेब" म्हणत होता तो माणूस मंगळवारी आणि गुरुवारी छातीवर डिनो लावून स्टुलावर बसतो आणि येणाऱ्या माणसागणिक मोजणीच्या यंत्राचा एक खटका दाबतो. आठवड्याला सरासरी सहा खटके. त्यातले चार टॉयलेट कुठे आहे विचारायला येतात.

आता मुख्य गोष्ट. शेडच्या मागे, जुन्या शाळेच्या कुंपणाला लागून एक करडा दगड आहे. त्यावर कोरलंय: लेफ्टनंट डेल ऑस्टरमन. त्याखाली, त्यानं मुलांचे प्राण वाचवले. त्याखाली, ५/६/४४. गोष्ट अशी सांगतात की या डेलचं लढाऊ विमान बिघडलं आणि शाळेवरच कोसळणार होतं. आत पोरं गणितं करत होती. त्यानं शेवटच्या क्षणी विमान वळवलं, शेतात नेलं आणि स्वतः गेला. तेवीस वर्षांचा होता. ही गोष्ट गावातलं प्रत्येक मूल ऐकतच मोठं होतं. शाळेच्या त्या मुलांपैकी गावात आता एकटी डोरीन उरली आहे, वय वर्षं नव्वद. दर पाच जूनला ती टोपी घालून पहिल्या रांगेत बसते, दगडावर फुलं ठेवते, लोक तिच्याशी हळू आवाजात बोलतात. ज्याच्यासाठी एक परका मुलगा मेला असं माणूस म्हणून गाव तिच्याकडे बघतं. हे मला आवडलं होतं, भाऊराव. मी खटका दाबायचा सोडून एका गुरुवारी तिची छत्रीही धरली होती.

आणि एप्रिलमध्ये अमेरिकेहून कॅरल नावाच्या बाईंचा ईमेल आला. डेल हा त्यांच्या आजीचा भाऊ. त्यांनी फार नम्रपणे विचारलं होतं, की आमच्या घरी त्याचा दिवस सहा मेला पाळतात, तुम्ही पाच जूनला का पाळता? झालं. अमेरिकन माणसं तारीख लिहिताना महिना आधी लिहितात हे रॉजरसकट सगळ्यांना ठाऊक होतं, पण दगड डेलच्या आईनं अमेरिकेहून कोरून पाठवला होता हे ऐंशी वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाच-सहा म्हणजे पाच जून की सहा मे? व्हिलेज हॉलमध्ये सभा भरली. जूनवाल्यांचं म्हणणं, पाच जून म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं त्याच्या आदला दिवस, त्याला एक वजन आहे, शिवाय हॉलचं बुकिंग झालंय आणि जूनमध्ये स्ट्रॉबेरी असतात. मेवाल्यांत मुख्यतः ज्यांचं रॉजरशी पटत नाही ते सगळे होते. कॅरलबाईंनी युद्धखात्याच्या तारेचा फोटो पाठवला होता, त्यात सहा मे असं अक्षरी लिहिलेलं होतं. रॉजर म्हणाले, युद्धाच्या धामधुमीत तारा चुकतात. दोन तास इंग्रजीत, शांत आवाजात, एकमेकांना "विथ रिस्पेक्ट" म्हणत ही माणसं जी भांडली ती बघून मला अगदी घरी गेल्यासारखं वाटलं.

कारण हा रोग आपला आहे. तारखेनं की तिथीनं यावर आपल्याकडे शिवजयंती दोनदा होते, मिरवणुका दोनदा निघतात आणि पोलिसांना बंदोबस्त दोनदा लावावा लागतो, हे यांना काय माहीत! मला राहवलं नाही. मी उठलो आणि म्हटलं, तारखेवर भांडताय कशाला, तिथी बघा. मग तिथी म्हणजे काय ते सांगितलं, मग शुद्ध आणि वद्य, मग क्षय तिथी, मग अधिक महिना. अधिक महिन्यापाशी दोन माणसं उठून चहा करायला गेली. दुसऱ्या दिवशी सभेचं इतिवृत्त आलं, त्यात एकच ओळ होती: मिस्टर डिनो यांनी चंद्राचा प्रस्ताव मांडला.

प्रस्ताव मांडला म्हणजे टिपणी लिहिणं आलं. घरी येऊन सुश्रुतच्या फोनवर जुनी पंचांगं दाखवणारं काहीतरी उघडलं आणि १९४४ काढलं. आता ऐका. सहा मे म्हणजे वैशाख शुद्ध चतुर्दशी, आपली नृसिंह जयंती. आणि पाच जून? ज्येष्ठ शुद्ध चतुर्दशी! दोन्ही शुद्ध चतुर्दश्या! (दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. नीना म्हणाली, "अगंबाई, म्हणजे ते सैन्य वटपौर्णिमेला उतरलं!" आणि तिला त्या सगळ्या सैनिकांच्या बायकांचं वाईट वाटत राहिलं.) मी खूश होऊन टाळी वाजवणार, तेवढ्यात सवयीनं डोळा पुढच्या रकान्यात गेला. वाराचा रकाना. पाच जून, सोमवार. सहा मे, शनिवार.

शनिवार, भाऊराव. इथे शनिवारी शाळा नसते. तेव्हाही नव्हती. तार खरी असेल, आणि ती खरीच होती, तर शाळा बंद होती, बाकं रिकामी होती आणि डेल ऑस्टरमननं कुणालाही वाचवलं नव्हतं. तुम्ही मास्तर, तुम्हाला हे आधी सुचलं असतं. इथे सभेला चाळीस माणसं होती, त्यांतले निम्मे पदवीधर, एकानं म्हणून वार बघितला नव्हता.

त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून विचाराल तर, आनंद झाला. खोटं कशाला बोलू! चूक सापडल्यावर रेकॉर्ड कीपरला होतो तो जुना, कोरडा, हक्काचा आनंद. सकाळपर्यंत तीन पानी टिपणी तयार. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, अभिप्राय. प्रती सात जणांना माहितीस्तव. ईशितानं ती वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, let it go ना. त्या डोरीनला किती वाईट वाटेल? निदान तिच्याकडे आधी जा ना." मी म्हटलं, वस्तुस्थितीला वाईट वाटण्याशी कर्तव्य नसतं. ती म्हणाली, "मला तुमचा मराठी कळली नाही," आणि खोलीत निघून गेली. तिला कळलं होतं. तरीही मी जाता जाता रॉजरची प्रत त्यांच्या दारातल्या पत्राच्या फटीत टाकली आणि मग, केवळ सुनेचा मान राखायचा म्हणून, डोरीनच्या घरी गेलो.

डोरीननं मला चहा दिला. (दूध जास्त, साखर विचारली नाही.) मी टिपणी पुढे केली. तिनं चष्मा शोधला नाही. म्हणाली, "तूच सांग काय लिहिलंयस." मी सांगायला लागलो, आणि शनिवार या शब्दाशी येऊन अडखळलो. चौतीस वर्षांत उतारा वाचताना मी कधी अडखळलो नव्हतो. तर तीच म्हणाली, "शनिवारच होता तो, लव्ह." (हे सगळं ती इंग्रजीत बोलली, मराठीत मी उतरवतो आहे.) "मी ओढ्यावर होते. बरणीत बेडकांची पिल्लं धरत होते. शाळेत कुणीच नव्हतं. ते विमान कुठे वळलं नाही की काही नाही. सरळ खाली आलं."

मी विचारलं, मग मुलं, गणितं, हे सगळं आलं कुठून? तर म्हणाली, सोमवारी शाळेत बाईंनी सांगितलं की त्या वैमानिकाच्या आईला सगळ्यांनी एकेक पत्र लिहा. बाकीच्या मुलांनी लिहिलं, आम्हाला वाईट वाटलं. डोरीन नऊ वर्षांची होती आणि पडताना बघितलेली तेवढी एकटीच होती. तिला वाटलं, मुलगा सरळ खाली आला असं त्याच्या आईला कसं लिहायचं? म्हणून तिनं लिहिलं, आम्ही वर्गात गणितं करत होतो, तुमच्या मुलानं आम्हाला बघितलं आणि विमान वळवलं. तेच पत्र उराशी धरून त्या बाईनं दगड कोरून घेतला आणि बोटीनं पाठवला. पुढे सत्तावीस वर्षं दर नाताळला डोरीनला कार्ड आलं, प्रत्येकावर एकच वाक्य, तू आता किती मोठी झालीस? ती आई गेली तेव्हा कार्डं थांबली. (समारंभ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाला, तोवर तो शनिवार आठवणारं गावात फारसं कुणी उरलं नव्हतं, तारीख दगडावरूनच धरली.) डोरीन म्हणाली, "गावाला खरं सांगायचं असं दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी टोपी घालते." मग म्हणाली, "ऐंशी वर्षांत मला कुणी वार विचारला नव्हता. तू पहिला. कॅरल येते आहे. तिला पाच तारखेला सांगणार असशील तर आधी मला सांगून ठेव, म्हणजे मी खुर्ची मागच्या रांगेत घेईन."

विनवणी नाही, रडणं नाही. भाऊराव, माणसानं रडून मागितलं तर नाही म्हणता येतं. तो माझ्या नोकरीचा भागच होता. तिनं नुसती खुर्ची मागे घ्यायची तयारी दाखवली. मला तुमची आठवण झाली. तुम्हीसुद्धा त्या दिवशी उतारा घडी करून खिशात ठेवला होतात आणि चष्मा माझ्या टेबलावर विसरून गेला होतात.

चहा अर्धा टाकून मी उठलो, कारण रॉजरच्या दारात टिपणीची प्रत पडली होती. गुडघे विसरून जवळजवळ पळतच गेलो. घर बंद होतं. दाराच्या खालच्या अंगाला ती पितळी झडपेची फट, आणि आत पायपुसण्यावर माझी तीन पानं दिसत होती. मी उकिडवा बसलो (बाहत्तराव्या वर्षी, रस्त्यावर, छातीवर डिनोचा बिल्ला) आणि हात आत घातला. हात कोपरापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. झडपेची स्प्रिंग अशी की आत सोडते, बाहेर सोडत नाही. आतून रॉजरचा कुत्रा आला. त्यानं आधी माझा तळहात चाटला, मग घड्याळ, आणि मग टिपणीचा विषय, संदर्भ, वस्तुस्थिती आणि अभिप्राय त्याच क्रमानं खाऊन टाकले. माझ्या टिपणीवर इतक्या तातडीनं कार्यवाही झालेली मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. पाऊण तासानं रॉजर आले आणि मागून म्हणाले, "एव्हरीथिंग ऑल राइट, डिनो?" मी म्हटलं, तुमच्या झडपेची तपासणी करतो आहे. इंग्रज माणूस खरोखर थोर. त्यांनी "काइंड ऑफ यू" म्हणून किल्ली काढली, दार उघडलं, आणि दाराबरोबर मीही आत गेलो. उरलेल्या सहा प्रती घरी येऊन कौन्सिलच्या निळ्या डब्यात टाकल्या. (कागदाचा डबा निळा. वेळापत्रकात हिरवा छापला आहे.)

पाच जूनला समारंभ झाला. कॅरल आल्या. साठीच्या, उंच, सारखे डोळे पुसणाऱ्या. त्यांनी सोबत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पत्र आणलं होतं, नऊ वर्षांच्या डोरीनच्या गोल गोल अक्षरातलं, आणि ते त्यांनी दगडासमोर वाचून दाखवलं. आमची पणजी हे पत्र उशाशी ठेवून झोपायची म्हणाल्या. पहिल्या रांगेत डोरीन टोपी घालून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मग रॉजर म्हणाले, आता तारखेच्या प्रश्नावर मिस्टर डिनो चंद्राच्या वतीनं बोलतील.

मी उभा राहिलो. खिशात काहीच नव्हतं. म्हटलं, आमच्याकडे माणूस गेलेला दिवस तारखेनं धरत नाहीत, तिथीनं धरतात. सहा मे आणि पाच जून, महिने वेगळे, पण दोन्ही दिवशी आकाशात चंद्र तेवढाच होता, शुद्ध चतुर्दशीचा, पुरा व्हायला एक कला कमी. म्हणून दगड बरोबर आहे, तार बरोबर आहे आणि गावही बरोबर आहे. (तुम्ही मनातल्या मनात माझी जी खरडपट्टी काढत आहात ती मला इथे ऐकू येते. महिना चुकलेली तिथी कसली तिथी! ठाऊक आहे.) पुढे कुणी काही विचारू नये म्हणून नृसिंहाची गोष्टही सांगितली. जूनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मेवाल्यांनीही वाजवल्या, आणि डोरीननं टोपी जराशी पुढे ओढली. मला हुंदका आला तो मी खोकल्यात घातला. नीना शेजारून म्हणाली, "किती खोटं बोलता हो!" आणि माझा हात धरला. तो तिनं चहा संपेपर्यंत सोडला नाही, त्यामुळे मला स्ट्रॉबेरी डाव्या हातानं खाव्या लागल्या.

इथवर सगळं ठीक होतं, आणि इथेच थांबायला हवं होतं. पण नाही! परवा रॉजर हसत हसत म्हणाले, डिनो, समितीनं पंधरावी पाटी मंजूर केली. तिच्यावर दोन्ही तारखा, चंद्र आणि (नको म्हटलं तरी) सिंह. आणि काचेच्या कपाटात, च्युइंगमच्या कागदाशेजारी, १९४४ च्या पंचांगाचं पान, खाली रकान्यागणिक इंग्रजी भाषांतर, ते तूच करायचंस. मी फोनवरचं दाखवलं तर म्हणतात, स्क्रीन नको, म्युझियमला मूळ दस्तऐवज लागतो. ज्या गावानं वर्षानुवर्षं चुकीच्या महिन्यात फुलं वाहिली त्याला आता मूळ दस्तऐवज हवा आहे! मी वैतागून गेलो आहे, भाऊराव. यांच्या अकरा बटणांना, चौदा पाट्यांना आणि त्या उलट्या सलामाला मी कंटाळलो आहे. गुरुवारी राजीनामा देणार आहे. (मंगळवारी द्यायचा होता, पण एक शाळा येणार होती, एकवीस खटके झाले.)

वहिनींना नमस्कार. घरातल्या लहानांना आशीर्वाद. उन्हाळ्यात पाणी उकळून पीत जा.

तुमचा,
दीनानाथ

ता. क. तुमचे वडील पंचांगं जपून ठेवत असत, आणि शके १८६६ चं पंचांग माळ्यावरच्या ट्रंकेत असल्याचं नीना शपथेवर सांगते. वैशाख आणि ज्येष्ठ, दोन्ही शुद्ध पक्षांची पानं शोधून त्यांचे फोटो पाठवावेत ही नम्र विनंती. पंचांग पाठवू नये, फोटोच पाठवावेत. छापून घेतो, रॉजरना चालवून घ्यायला लावतो.

आणखी ता. क. फोटो काढताना वाराच्या रकान्यावर अंगठा ठेवावा. पुरा रकाना झाकला पाहिजे. इथल्या मराठी मंडळाची सहल जुलैत म्युझियमला येणार आहे, आणि आपल्यात वार बघणारा एक तरी असतोच. अंगठा दोन्ही पानांवर ठेवा, एकाच पानावर ठेवलात तर संशय येईल. भाषांतरात त्या रकान्याखाली काय लिहायचं ते मी ठरवलं आहे. "अवाच्य" असं लिहिणार आहे.

शेवटचं. हा शब्द मी नोकरीत आणखी एकदाच, वाचता येत असताना लिहिला होता. मेहुण्याचं काम केलं असं कचेरीत कुणी म्हणेल या भीतीनं. डाग नुसता कडेला होता. नऊ होता तो, भाऊराव. स्वच्छ नऊ.